कुंकू लागलेल्या फ्लॉप्या

मिरजेला गाडी बदलली तेव्हा हमालाने माझी वळकटी लहान रुळांच्या गाडीत टाकली आणि म्हणाला, "बंगळूरला नोकरी लागली काय?"

"नाही, शिकायला चाललोय."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. शिकायचं वय उलटून गेलेलं दिसत होतंच. "काय शिकायला?"

"कॉम्प्युटरवर शाळेत कसं शिकवायचं ते."

तो हसला नाही. "मग चांगलं शिकून या," म्हणाला आणि पुढच्या डब्याकडे गेला. मला त्याचा आशीर्वाद मिळाल्यासारखं वाटलं. नव्वदीचं दशक नुकतं सुरू झालं होतं, आणि सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर हा शब्द लोकांनी ऐकला होता, वस्तू कोणी पाहिली नव्हती. मीही नाही. गावच्या अध्यापक विद्यालयात, म्हणजे जिथे पुढचे प्राथमिक शिक्षक घडतात तिथे, मी गणित आणि विज्ञान शिकवण्याची पद्धत शिकवत होतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. तोवर माझा सगळ्यात लांबचा प्रवास कोल्हापूरपर्यंतचा.

बंगळूरच्या एका शिक्षणसंस्थेने वेगवेगळ्या गावांतले अध्यापक दीड महिन्याच्या प्रशिक्षणासाठी बोलावले होते. शेवटी प्रत्येकाने स्वतः तयार केलेला एक धडा खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर कॉम्प्युटरवर चालवून दाखवायचा, आणि ज्याचा पाठ पसंत पडेल त्याच्या विद्यालयाला संस्था एक कॉम्प्युटर देणार. हे कळल्यापासून आमचे प्राचार्य स्वस्थ नव्हते. मी निघायच्या आधीच त्यांनी भांडारातले मोडके बाक हलवून एक खोली रिकामी केली, चुना दिला, खिडकीच्या फटींना कागद चिकटवला. धूळ कॉम्प्युटरला चालत नाही असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मी एसटीत बसताना त्यांनी एवढंच सांगितलं, "खोली तयार आहे."

आई एसटी स्टँडवर भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन आली होती. तिने वेगळाच प्रश्न विचारला. "ते यंत्र पोरांना शिकवणार म्हणतोस. मग तू काय करणार रं?"

मी म्हणालो, "तेच शिकून येतो."

रात्रभर गाडी रखडत, शिट्ट्या मारत गेली. उजाडलं तेव्हा खिडकीबाहेर नारळाची झाडं होती, नजर जाईल तिथवर. आमच्याकडे नारळ देवळात फुटतो तेवढाच माहीत. तो असा रानात राशीने पडलेला मी प्रथम पाहिला. तिपटूर की असंच काही स्टेशन होतं. समोरच्या गृहस्थांनी कॉफी घेतली आणि मला न विचारताच ती दोन पेल्यांत केली. "बाय टू," ते म्हणाले. एक कॉफी दोघांत वाटून घ्यायची ही तिथली रीत. अनोळखी माणसाने आपल्या पेल्यातली अर्धी कॉफी दिली की परकेपण अर्धं कमी होतं, हे मला तिथेच कळलं.

बंगळूरची हवा उतरल्या उतरल्या आवडली. सप्टेंबर असून अंगाला घाम नाही. स्टेशनाबाहेर बसगाड्यांची रांग, पाट्या सगळ्या गोल गोल कानडी अक्षरांत. मी, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवायचं कसं ते शिकवलं, तिथे एक पाटी वाचू शकत नव्हतो. तीन जणांना "जयनगर?" असं विचारलं, तिघांनी तीन बसगाड्या दाखवल्या, आणि मी चौथीत बसलो. तीच नेमकी जयनगरची निघाली.

राहण्याची सोय प्राचार्यांच्या ओळखीने जयनगरात एका मराठी घरी झाली होती. मराठी म्हणजे कशी, तर त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून या मुलखात आले ते परत गेलेच नाहीत. घरात मराठी, बाहेर कानडी, आणि मधल्या अंगणात दोन्ही. घरधन्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणे. ते होसूर रस्त्यावरच्या बोम्मसंद्र्याला एका कारखान्यात फोरमन होते. त्यांच्या पत्नी अक्का. दोघांची मुलं लांब नोकरीला, त्यामुळे माझ्यासारखा एखादा पाहुणा त्यांना हवाच असे.

"या मास्तर, स्वल्प बसा," अक्का म्हणाल्या. (स्वल्प म्हणजे थोडं. पण तिथे तो शब्द थोड्यासाठी कमी आणि लाडासाठी जास्त वापरतात.) "ऊट झालं का?"

ऊट म्हणजे जेवण हे मला ठाऊक नव्हतं. मी आपला म्हणालो, "उठून झालंय केव्हाच, पहाटेच."

अण्णा इतके हसले की त्यांचा चष्मा खाली आला. "सरी," ते म्हणाले, म्हणजे बरं. "पोटात काही नाही असा त्याचा अर्थ. वाढ ग."

पानात नाचणीचा तांबूस, गरम गोळा आला. मुद्दे. मी घास तोंडात घालून चावायला लागलो तशी ती दातांना, टाळ्याला, सगळीकडे चिकटली.

"चावू नका," अण्णांनी बजावलं. "सारात बुडवायची आणि गिळायची. मुद्दे चावणारा माणूस इथं लगेच ओळखू येतो."

"गिळली तर चव कशी कळणार?"

"चव साराला. मुद्दे ताकदीला."

चौथ्या दिवशी मी गिळायला शिकलो. अक्कांनी शेजारणीला बोलावून दाखवलं.

संस्थेत पहिल्या दिवशी आम्हाला चपला बाहेर काढायला लावल्या. आत गारवा, जाड पडदे, आणि टेबलांवर पांढरी कापडं पांघरलेली यंत्रं. मी नकळत हात जोडले. शेजारच्या माणसाने कोपर मारलं. "घंटा शोधू नका, इथं नाहीये," तो मराठीत म्हणाला. हा बसवराज, अथणीकडचा, तिथल्याच एका विद्यालयातला अध्यापक. घरात कानडी, आजोळी मराठी, त्यामुळे दोन्ही भाषा त्याच्या तोंडी सारख्याच बसलेल्या. दीड महिना तो माझा दुभाषाही होता आणि माझी टिंगल करण्याचा हक्कही त्याने स्वतःकडे घेतला होता.

आमच्या मुख्य होत्या वसुधा मॅडम. बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या. इंग्रजी अगदी हळू बोलायच्या, आम्हा गावाकडच्या लोकांसाठी. पहिल्याच तासाला त्यांनी एक सव्वापाच इंची फ्लॉपी वर धरली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: पोस्टकार्डाहून थोडी मोठी, चौकोनी, काळी, हलवली तर लवणारी. आत तपकिरी रंगाची एक पातळ तबकडी. काळ्या आवरणाला एक लांबट खाच असते आणि तिथून ती तबकडी उघडी दिसते. "यंत्र इथून वाचतं," मॅडम म्हणाल्या. "इथे बोट लावायचं नाही. फुंकायचंसुद्धा नाही."

आमच्या यंत्रांना स्वतःची साठवण नव्हती. जे करायचं ते फ्लॉपीवर ठेवायचं, नाहीतर बटण बंद केलं की सगळं गेलं. म्हणून प्रत्येकाला दोन फ्लॉप्या मिळाल्या. एक कामाची, एक तिची प्रत.

त्या संध्याकाळी मी त्या दोन्ही घरी नेल्या. चोरीच्या भीतीने नव्हे, कौतुकाने. अक्कांना कागदी पाकिटातून काढून दाखवल्या.

"एवढ्याशात काय असतंय?" त्यांनी विचारलं.

"मी जो धडा तयार करीन तो सगळा यात राहणार."

"कुठं? ही तर काळी पिशवी."

मी ती खाच दाखवली. "पिशवी वरची. आतली ही तपकिरी दिसते ना, विद्या सगळी इथं."

अक्कांनी लांबूनच नमस्कार केला. मला फार बरं वाटलं.

पुढचे आठवडे कसे गेले कळलं नाही. सकाळी कोपऱ्यावरच्या उभ्याने खायच्या हॉटेलात खारा बाथ आणि केसरी बाथ, म्हणजे तिखट आणि गोड असे सांज्याचे दोन गोळे एकाच बशीत, मग बस, मग संध्याकाळपर्यंत यंत्रासमोर. आज्ञा लिहायची, यंत्राने ती पाळायची. पहिल्यांदा पडद्यावर मी सांगितलेली रेघ उमटली तेव्हा मी उठून उभा राहिलो. बसवराज म्हणाला, "बसा मास्तर, राष्ट्रगीत अजून लागलं नाही."

माझ्या धड्याचा विषय मी सावली घेतला. कारण साधं होतं. मला कानडी येत नव्हती आणि यंत्रालाही येत नव्हती. सूर्य, एक खांब आणि खांबाची सावली, एवढ्यावर एक अक्षर न लिहिता शिकवता येईल असा माझा हिशेब. सूर्य डावीकडून उजवीकडे जाईल, सावली लांबची आखूड होईल, आखूडची परत लांब. कळ दाबली की पुढचं चित्र. मॅडमचा नियम होता की धडा स्वयंपूर्ण पाहिजे. तो चालू असताना शिक्षकाने मागे उभं राहायचं आणि बोलायचं नाही. मी तो इतक्या वेळा मोडला आणि बांधला की त्यातल्या आज्ञा मला जेवतानाही दिसायच्या.

पाठाचा दिवस ठरला तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. बसवराजचा आणि माझा, आनेकलच्या सरकारी शाळेत. आनेकल बंगळूरच्या दक्षिणेचं तालुक्याचं गाव. शेती, लहान कारखाने आणि शहराकडे धावणाऱ्या बसगाड्या. नाव ऐकताच मला ते आपलं वाटलं. शाळांना सुट्टी होती, पण तिथल्या हेडमास्तरांनी मुलं बोलावून ठेवतो असं कळवलं होतं. नवमीच्या आदल्या दिवशी संस्थेतली यंत्रं पुसून, झाकून ठेवली गेली आणि एक यंत्र आनेकलसाठी खोक्यात बांधलं. माझा धडा पूर्ण झाला होता. दोन्ही फ्लॉप्या घरी आणून मी अण्णांच्या कपाटात ठेवल्या.

नवमीला तिकडे आयुधपूजा. आपली खंडेनवमी आहेच, पण बंगळूरला तिचा थाट काही और. अण्णा मला मुद्दाम बोम्मसंद्र्याला घेऊन गेले. होसूर रस्त्यावर प्रत्येक बसगाडीला, ट्रकला केळीचे खुंट बांधलेले. जणू केळीची बागच शहरातून बाहेर निघाली होती. कारखान्यात एरवी म्हणे बोललेलं ऐकू येत नाही. त्या दिवशी सगळी यंत्रं गप्प, धुतलेली, झेंडूच्या माळा घालून ओळीने उभी. अण्णांनी आपल्या लेथला, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राला, हळद लावली, कुंकू लावलं आणि त्याच्या पोलादी अंगावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. दारात कोहळा फोडला, आतला गर कुंकवाने लाल. सगळ्यांना कडलेपुरी (चुरमुरे आणि डाळं) वाटली. अण्णांनी माझी ओळख करून दिली: "हे आमचे मास्तर. यांचंही यंत्रच आहे, पण तेल लागत नाही." हशा झाला. आपण या सगळ्यांच्या बिरादरीतले आहोत असं वाटून माझी छाती फुगली.

घरी आलो तर देवघरापुढे पाट मांडलेला. त्यावर शिवणयंत्र, विळी, मिक्सर, अण्णांचा मोजपट्टा. आणि मध्यभागी, मोगऱ्याच्या फुलांखाली, माझ्या दोन्ही फ्लॉप्या.

"तुमची आयुधं विसरून गेला होता," अक्का म्हणाल्या. "मी काढली."

मी पुढे वाकलो. तसा त्यांनी हात आडवा केला. "आज नाही, मास्तर. आयुध आज विसावलं. उद्या पूजा झाल्यावर उचलायचं."

आमच्या घरीही आई खंडेनवमीला माझी पुस्तकं अशीच मांडायची आणि त्या दिवशी हात लावू द्यायची नाही. त्या पुस्तकांमुळेच मी इथवर आलो, असं ती आजही मानते. मी हात मागे घेतला.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली आणि अक्कांनी दोन्ही फ्लॉप्या माझ्या हातात दिल्या. फुलं काढून मी पाहिलं. लांबट खाचेत, तपकिरी तबकडीवर, ओल्या कुंकवाचा एक ठसठशीत टिळा वाळून बसला होता. खाली हळद. दुसरीवरही तसाच.

"दोन्हीला?" माझ्या तोंडून निघालं.

"एकीला लावून दुसरीला कसं सोडायचं?" अक्का म्हणाल्या. "आणि पिशवीवर नाही लावलं हं. तुम्ही दाखवलं होतं ना, विद्या कुठं असते ते. नेमकं तिथंच लावलं."

त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी त्या दोन्ही फ्लॉप्या कपाळाला लावल्या.

मागच्या अंगणात अण्णांना सगळं सांगितलं. अण्णांनी एक फ्लॉपी उजेडात धरली. "पुसायचं का?"

"चरे पडतील. बोटसुद्धा लावायचं नाही तिथं."

"स्वल्प ऑइल सोडून बघू? आमच्याकडे अडलं की तेच करतो."

"नको अण्णा."

त्यांनी फ्लॉपी परत माझ्या हातात दिली. मग आतल्या बाजूला पाहत म्हणाले, "हिला सांगू नका."

"छे."

संस्था बंद, यंत्र खोक्यात. तपासून पाहायलाही जागा नव्हती. मला आमची चुना दिलेली खोली दिसत होती, आणि दारात उभे राहिलेले प्राचार्य.

सकाळी संस्थेच्या मेटाडोरमधून आम्ही निघालो. पुढे मॅडम, मागे मी, बसवराज आणि आमच्या दोघांच्या मध्ये खोक्यातलं यंत्र. चंदापुऱ्याला वळलो तशी लाल माती, नाचणीची शेतं आणि मधूनच एखादी विटांची भट्टी लागली. बसवराजला मी फ्लॉपी दाखवली. तो टिंगल करील असं वाटलं होतं. त्याने नुसता माझा गुडघा दाबला.

शाळेत तीस मुलांना निरोप होता; आली होती सगळी शाळा आणि काही पालकही. मधल्या अंगणात ध्वजस्तंभ, त्यापुढे सातवीचा वर्ग. यंत्र मांडलं, बटण दाबलं, पडद्यावर हिरवी अक्षरं आली आणि वर्गातून एक लांब श्वास ऐकू आला.

आधी बसवराजचा पाठ. हृदयातून रक्त कसं फिरतं याचा. यंत्राने एकही चूक केली नाही. मुलं हाताची घडी घालून, डोळे मोठे करून बसली. संपल्यावर मॅडमनी काही शंका आहे का विचारलं. एका मुलाने उठून काहीतरी विचारलं आणि बसवराजचा चेहरा पडला.

"काय म्हणतो?"

"गाणं कधी लागणार, विचारतोय."

मग माझी पाळी. मी पहिली फ्लॉपी आत सरकवली. आतून करकर असा आवाज आला, गव्हातला खडा जात्यात अडकावा तसा. पडद्यावर ओळ आली: वाचता येत नाही. दुसरी घातली. तीच करकर, तीच ओळ.

मॅडम जवळ आल्या. मी फ्लॉपी त्यांच्या हातात दिली. त्यांनी तो टिळा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"आयुधपूजा?" त्यांनी विचारलं.

"होय, मॅडम."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "काय करणार?"

त्या आज्ञा अजून माझ्या डोळ्यांपुढे होत्या, रोज जेवताना दिसायच्या तशा. "पुन्हा लिहितो. इथंच."

"मुलांसमोर?"

"होय."

त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या मागे जाऊन बसल्या. मी लिहायला लागलो. माझा टंकलेखनाचा वेग म्हणजे एका बोटाचा. एकेक अक्षर शोधायचं, दाबायचं. मुलं चुळबुळायला लागली. 'एल' काही केल्या सापडेना, मी तो पुटपुटलो, आणि पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून आली, तिने 'एल'वर बोट ठेवलं आणि परत जाऊन बसली. दोन वेण्या, परकर, कानात काड्या. गौरम्मा, असं नाव बसवराजने विचारून घेतलं.

मग मी ठरवून अक्षरं मोठ्याने म्हणायला लागलो. बसवराजने मुलांना सांगितलं, ज्याला सापडेल त्याने दाबायचं. बाक सरकले. यंत्राभोवती डोक्यांचं कडं झालं. 'आर' कुठे, 'आर' इथे. आकडे तर ती माझ्याआधीच दाबत होती. ओळीमागून ओळ उभी राहिली, आणि शेवटची कळ दाबल्यावर पडद्यावर खांब आला, डावीकडे सूर्य आला, सावली आली.

मुलं ओरडली. मग एकदम गप्प झाली. मग एकजण हसला.

गौरम्मा पडद्याकडे पाहत राहिली. मग घोळक्यातून बाहेर पडली, दाराशी गेली, बाहेर ध्वजस्तंभाकडे पाहिलं, मान वर करून सूर्याकडे पाहिलं, परत आली आणि ठामपणे म्हणाली, "सुळ्ळु."

"काय?" मी बसवराजला विचारलं.

"म्हणते, हे खोटं बोलतंय."

मी पडद्याकडे नीट पाहिलं. सूर्य डावीकडे होता आणि सावलीही डावीकडेच पडली होती, सूर्याच्या अंगाला. घाईत एका जागी वजाऐवजी अधिक झालं होतं. क्षणभर कानशिलं तापली. पण त्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लाज कुठल्या कुठे गेली. हिरवी अक्षरं, गार खोली, पांढरी कापडं, यातलं काही तिला माहीत नव्हतं. तिने यंत्राला हात जोडले नव्हते. बाहेर जाऊन पाहून आली होती.

"तिला विचार, मग कुठं पाहिजे?"

गौरम्माने उजवीकडे बोट दाखवलं. मी ती ओळ शोधून तिला दाखवली आणि कुठली कळ दाबायची तेही. तिने दाबली. सावली पलीकडे उडाली.

वर्ग रिकामा झाला. सगळी मुलं दारात, ध्वजस्तंभ बघायला. परत आली ती नवीन मागण्या घेऊनच. सूर्य डोक्यावर आणा. सावली किती उरते ते बघून येतो. खांब मोठा करा. आणि मग एका मुलाने सगळ्यांत भारी कल्पना सांगितली; बसवराजने हसत हसत सांगितलं, "म्हणतो, आता मुद्दाम खोटं बोलायला लावूया."

लावलं. सावली सूर्यावर पडली, खांब जमिनीखाली गेला, सूर्य उलटा फिरला. प्रत्येक खोट्याला हशा, आणि प्रत्येक खोटं दुरुस्त करायला भांडण. यंत्र सांगू ते करत होतं, खरंही आणि खोटंही. मी मागे उभं राहायचा नियम केव्हाच विसरलो होतो. किती वर्षांत मी इतक्या आनंदात शिकवलं नव्हतं.

दुपारी शाळेने जेवण दिलं. मुद्दे. मी सराईतासारखी गिळली, मॅडमनी पाहिलं.

परतताना बोम्मसंद्र्याचे कारखाने परत सुरू झाले होते. उतरलेल्या माळा फाटकांवर सुकत होत्या. मॅडमनी मागे वळून पाहिलं.

"स्वयंपूर्ण पाठ या रकान्यात मला तुम्हाला शून्य द्यावं लागेल. फ्लॉपी वाचली गेली नाही आणि तुम्ही सगळा वेळ बोलत होता."

"होय, मॅडम."

त्या पुन्हा समोर पाहायला लागल्या. मी खिडकीबाहेर. प्राचार्यांना काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळवत होतो. एखादा मैल गेला असेल.

"तुमच्या त्या खोलीचं दार किती रुंद आहे?" त्यांनी न वळता विचारलं. चुना दिलेल्या खोलीबद्दल मी त्यांना कधीतरी सांगितलं होतं.

"मोजलेलं नाही."

"मोजून कळवा. टेबल इथूनच पाठवणार आहोत. आत गेलं पाहिजे."

मला कळायला वेळ लागला. बसवराजने कोपर मारलं, या वेळी जोरात. "आता उठा मास्तर," तो कुजबुजला, "आता लागलं राष्ट्रगीत." त्याच्याही विद्यालयाला कॉम्प्युटर मिळाला, हे मॅडमनी जयनगर यायच्या आत सांगून टाकलं.

अक्का दारातच होत्या. "झालं का काम?"

"झालं, अक्का."

"होणारच. मी नेमक्या जागी लावलं होतं." त्या गोड करायला आत वळल्या. अण्णा वर्तमानपत्रामागे होते. ते वर्तमानपत्र बराच वेळ हलत होतं.

निघताना अक्कांनी नारळ दिला आणि वाटेत खायला कडलेपुरी. त्यांना वाकून नमस्कार केला तेव्हा मला भरून आलं. मी त्यांना खरं कधीच सांगितलं नाही. खरं म्हणजे त्या म्हणाल्या ते चुकीचं होतं, असंही मला आता म्हणता येत नाही.

पुढे हाच विषय माझा झाला. शिकवण्यातलं तंत्र, यंत्रं कशी वापरावीत, कशी वापरू नयेत, यावरच मी पुढचं शिक्षण घेतलं आणि आज मोठ्या वर्गांना तेच शिकवतो. यंत्रं किती बदलली. नवीन काही हातात आलं की मी आधी पाहतो, यात गौरम्माला उठून दाराशी जायला जागा आहे का.

त्या वेळी मात्र परतीच्या एसटीतून मी गावी उतरलो तो तडक विद्यालयात गेलो. प्राचार्य किल्ली घेऊन आले. खोलीला आता पडदा होता, बाहेर पाटी होती, चपला बाहेर काढाव्यात. कोपऱ्यात, दारापासून सगळ्यात लांब, टेबलासाठी खडूने चौकोन आखलेला.

मी दार मोजलं. मग म्हणालो, "सर, टेबल इथं दाराजवळ ठेवूया. अंगणातला खांब दिसला पाहिजे."

"धूळ येईल हो."

"झटकू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, आणि चपलेनेच खडूचा चौकोन पुसायला सुरुवात केली.

घरी आईने नारळ हातात घेतला, वाजवून पाहिला. मी पाणी प्यायल्यावर तिने तोच प्रश्न विचारला. "यंत्र येणार म्हणजे. आता ते शिकवणार. तू काय करणार?"

"मी दार उघडं ठेवणार."

आई हसली. "त्याला एवढ्या लांब कशाला जायला पाहिजे होतं? दार तर शिपाईपण उघडतो."

मग ती नारळ फोडायला उठली.